रत्नागिरी ते गोंदिया, सरळ रेषेत

रत्नागिरी आणि गोंदिया या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर नऊशे किलोमीटरच्या आत आहे. हे मी मोबाईलवर शोधून काढलं, ते गोंदियाला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगण्यासाठी. भावोजी जाऊन चार दिवस झाले होते आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी येत नाही, हे मला तिला कळवायचं होतं.

"सरळ रेषेत बघितलं तर दोन तासांचंही काम नाही गं," मी म्हणालो. "पण आमच्याकडून विमानच नाही ना अजून. सुरू झालं की आधी तुझ्याकडेच येतो."

"बरं," ताई म्हणाली. "मुलांच्या परीक्षा सांभाळ."

आमच्या गावात हे विमानाचं वाक्य सर्रास चालतं. वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, धावपट्टी आहे, तटरक्षक दलाची विमानं ये-जा करतात, प्रवाशांचं कधी सुरू होणार याची चर्चा चालू असते. लांबच्या नातेवाइकांना आम्ही सगळेच "विमान सुरू झालं की येतो" म्हणतो आणि कोणी ते मनावर घेत नाही. मी मात्र ते नवरा गेलेल्या बहिणीला सांगितलं. शिवाय विमान सुरू झालं तरी ते थेट गोंदियाला थोडंच जाणार होतं? हातखंब्यावरून घाट चढून कोल्हापूर गाठलं की तिथून गोंदियाची रेल्वे मिळते, हे मला ठाऊक होतं. मी शाळेत भूगोल शिकवतो. रजाही शिल्लक होती. खरं कारण एवढंच, की रडणाऱ्या ताईसमोर बसायची मला भीती वाटत होती.

माझ्या बायकोचं बाळंतपण अवघड झालं, तेव्हा हीच ताई आपल्या दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन त्याच रेल्वेने आली होती. महिनाभर राहिली. बायको आणि मुलगा दोघंही धड राहिले ते तिच्यामुळे, असं मी आजही मानतो. तिच्या घरी मात्र मी इतक्या वर्षांत दोनदाच गेलो.

दोन महिने असेच गेले. एकदा भाजी निवडताना बायको म्हणाली, "पहिला प्रवासी म्हणून विमानतळावर तुमचा सत्कार होईपर्यंत ताईंनी वाट बघायची का?"

त्याच आठवड्यात मी एसटीत बसलो. कोल्हापूरहून पुढे एक आख्खा दिवस आणि वर काही तास गाडीत काढले. दुपारी ताईने दार उघडलं.

"उतरलास का रे मेल्या विमानातून?"

मला हसता आलं नाही. "ताई, मी खोटं बोललो. यायला जमत होतं."

"माहीत आहे मला. लहानपणी घरात कोणी रडायला लागलं की तू मांडवीच्या समुद्रावर पळायचास. हातपाय धू आधी."

एवढंच बोलली. मला माफ करायला तिला एवढं पुरलं. त्या दुपारी तिने मला जे दिलं, त्याची लायकी माझ्यात नव्हती.

मग ती भावोजींच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगायला लागली. मध्येच रडली. मी जागचा हललो नाही. मग विचारलं, "चहा ठेवू?"

"साखर कुठे असते ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"सांग ना."

"खिडकीजवळच्या फळीवर," ती डोळे पुसत म्हणाली, आणि मी चहा उकळत असताना पुढचं सांगत राहिली.