पारोळा वगळून

दिवाळीच्या सुट्टीत आमचा मुक्काम धुळ्याला, देवपुरात, मामाकडे. तिथून रोज एक जुनं गाव बघायचं. सकाळी निघायचं, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी परत. कुठं जायचं ते नाना ठरवणार, म्हणजे माझे वडील. लळिंगचा किल्ला, सोनगीर, तापीकाठचं थाळनेर. दरवर्षी हेच. पारोळ्याचा किल्ला भुईकोट, चढायचं काही नाही, आईच्या गुडघ्यांना सगळ्यात सोयीचा. पण त्याचं नाव काढलं की नाना म्हणायचे, "तिथं काय बघायचं? पडक्या भिंती आणि झुडपं." जसा काही लळिंगला राजवाडा उभा आहे!

खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. पारोळ्यात माझी मोठी बहीण राहते. अक्कानं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा नानांनी सांगून टाकलं, की तिचं नाव या घरात निघणार नाही. नाही निघालं. जळगावहून धुळ्याला येताना आमची गाडी पारोळ्याच्या बायपासनं जायची आणि आई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहायची.

मी चळवळीतली. आंतरजातीय लग्नांच्या बाजूनं पत्रकं लिहिते, बसस्टँडवर उभी राहून वाटते. 'जात घरात शिकवली जाते, घरातच मोडा' असं ठळक अक्षरात छापते. आणि तीच मी दरवर्षी मुकाट्यानं सोनगीरला जाऊन तांब्या-पितळेची भांडी बघत होते. यंदा म्हटलं, बस्स झालं.

मामाला फितवला. गाडी त्याची, चालवणारा तो. नानांना सांगितलं एरंडोल, म्हणजे वाट पारोळ्यावरूनच. बायपास सोडून गाडी गावात शिरली तसे नाना ताठ झाले.

"अरे, इकडं कुठं घेतली?"

"किल्ला बघायला," मी म्हटलं. "माणसं राहतात तोही भाग बघू."

आईनं माझ्याकडे बघितलं आणि एकदम केस सारखे करायला लागली. माझ्या डोक्यात मात्र मोर्चा निघालेला होता. अक्काचा पत्ता तिच्या मैत्रिणीकडून काढला होता. गल्लीच्या टोकाला लोखंडी फाटक, बंद. मी ते गदागदा हलवलं. उघडेना. नानांना काय सुनवायचं ते पाठ करून ठेवलं होतं, म्हणून वळले. तेवढ्यात नानाच पुढं आले. त्यांनी फाटकाच्या गजांमधून हात आत घातला आणि न बघता, पार खालची कडी जराशी उचलून बाजूला सारली. फाटक उघडलं.

आईनं तो हात बघितला.

"हाई कडी तुमले कशी माहीत शे?" संताप झाला की आई तिच्या माहेरच्या अहिराणीत येते.

नाना चपला काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

अक्का दारात आली, हाताला कणीक. तिनं नानांकडे बघितलं, मग आईकडे, आणि काय झालं ते तिला कळलं. "मी म्हणत होते ना नाना," ती हळूच म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा म्हणून."

म्हणजे कापसाच्या कामाला जातो सांगून नाना घरून निघायचे ते इथं यायचे. लेकीच्या हातचा चहा प्यायचे. आणि आईला बायपास! इतकी लाज वाटली मला या माणसाची.

"वा नाना! बंदी आम्हाला, आणि तुम्हाला पास?" मी सुरू झाले. समोरच्या ओट्यावर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. अक्कानं माझं मनगट धरून मला आत ओढलं.

"हळू बोल. मला या गल्लीत उद्याही राहायचंय." मग म्हणाली, "ते चोरून का होईना, येतात. तुझी पत्रकं येतात मला फोनवर, सगळी वाचते. जळगाव-पारोळा बस तुझ्यासाठी कुणी बंद केली होती का गं?"

कॉलेजपासून एकटी फिरते, मला कुणी अडवलं नव्हतं. बसस्टँडवर तर मी दर आठवड्याला असते. पारोळ्याची गाडी लागलेली असायची, तिच्यातल्या लोकांच्याही हातात मी पत्रकं दिली आहेत.

आई सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. पोळपाटावर अर्धी राहिलेली पोळी तिनं लाटायला घेतली, अक्का शेजारी बसून भाजत होती. नाना ओट्यावर, मामा गाडीत. किल्ला कुणीच बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नानांनी सवयीनं विचारलं, "मग, आज लळिंग?"

"पारोळा," आई म्हणाली. "किल्ला राहिला ना बघायचा. आम्ही बसनं जातो." माझ्याकडे वळून म्हणाली, "तोंड बंद ठेवणार असशील तर चल."

मी नुसती मान हलवली.

नाना कप हातात घेऊन दारापर्यंत आले. "मी येऊ का?"

आईनं पदर खोचला, चपला घातल्या. "तुमले रस्ता माहीत शे," म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.