ओल्या हातांचे सखारामभाऊ

सखारामभाऊंच्या पंचाहत्तरीचं पुस्तक निघतंय, त्यात तुम्हीही लिहा, असा निरोप रोह्याहून आला तेव्हा मला आधी हसूच आलं. माझी शाळा तिसरीत सुटली. पण भाऊंबद्दल मी नाही लिहायचं तर कुणी लिहायचं? माझा लेक अनंता आता न खोकता सकाळचा चहा पितो, तो भाऊंमुळे. तेव्हा मंडळी, मोडकंतोडकं असेल, सांभाळून घ्या.

भाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते वाल सोलताना. माझी धाकटी बहीण कुसुम रोह्याला दिलेली. तिच्या नातवाच्या बारशाला मी गेले होते. बारसं छान झालं, पाळण्याला झेंडूची तोरणं होती, पण ते राहू दे. शेजारच्या ओटीवर बघते तर चार बापे गोल बसलेले, मधे पाण्याचं पातेलं, आणि मोड आलेले वाल बोटांनी दाबून साल काढताहेत. बिरड्याचे वाल सोलणं हे आमच्याकडे बायकांचं काम. मला राहवलं नाही.

म्हटलं, "काय ओ, घरातल्या बायका समद्या म्हायेरी गेल्या काय?"

त्यातले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हसले. "बायका हायत घरात. हे तिघं विडी सोडतायत गो ताये. हात ओला असला की काडी पेटत नाय."

तेच आपले भाऊ.

भाऊ रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला होते. तरुणपणापासून विडी ओढायचे. ती सुटताना काय हाल होतात ते स्वतः भोगलेले, म्हणून दुसऱ्याला उपदेश करत नाहीत. तलफ आली की ती थोडा वेळ राहते आणि जाते, तेवढा वेळ माणसाला एकटं सोडायचं नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. औषध द्यायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. "गोळी डॉक्टरची, सोबत माझी," म्हणतात, आणि माणसाला दवाखान्यात स्वतः घेऊन जातात.

आता अनंताचं सांगते. हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना. रंग सगळेच देतात, पण डोळ्यांची आखणी घरात एकटा अनंता करतो. बारीक कुंचला, श्वास रोखायचा, एक डोळा, मग दुसरा. दोन मूर्तींचे डोळे झाले की मागल्या शेडीत जाऊन विडी. खोकला असा की कुंचला खाली ठेवावा लागायचा. धाकटी नात चिऊ त्याच्या मांडीवरून नाक धरून उठायची. पेणच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि सांगितलं, आता नाही सोडलीस तर पुढे आम्हाला बोलू नकोस. त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. कुसुमला फोन केला, भाऊंना सांग.

भाऊ एसटीने आले. वडखळला गाडी नेहमीसारखी अडकली, पेणहून रिक्षा केली, घामाघूम होऊन पोचले. आणि आल्या आल्या काय? पिशवीतून वाल काढले! म्हणाले, "ताये, भिजत घाल."

मग आमच्या घरी रोज वाल. अनंताला तलफ आली की पातेल्यापाशी बसायचा. मोड बरे येत होते आणि मुलगाही बरा राहत होता, पण जेवायला रोज बिरडं. शेवटी सून माझ्यापाशी आली, "आई, आज तरी मासळी आणूया. पोरं वाल बघून रडतात." वाल मग शेजारी वाटायला लागलो. आळीत सगळ्यांना कळलं, अनंता विडी सोडतोय.

इथे घोटाळा झाला. अनंताला वाटलं, आता पक्कं करून टाकू. मुंबईच्या मंडळाची मोठी मूर्ती रंगवून तयार होती, फक्त डोळे राहिलेले. तिच्या पायावर हात ठेवून त्याने शपथ घेतली, विडीला शिवणार नाही. आम्हाला बरं वाटलं. पण एका दुपारी रंगाचा टेम्पोवाला आला, जुना दोस्त, त्याने सवयीने विडी पुढे केली, याने सवयीने घेतली. झुरका मारल्यावर भानावर आला. आत येऊन कुंचला खाली ठेवला तो ठेवलाच.

"देवासमोर खोटा पडलो मी. माझ्या हाताने डोळे नाय काढणार."

आणि दुसऱ्या दिवसापासून उघड विडी! शेडीत नाही, दारात बसून. शपथ मोडलीच आहे, आता कशाला लपवू, म्हणायचा. मंडळाचे लोक मूर्ती न्यायला यायचे दिवस आले होते. पण खरं सांगते, मूर्तीची चिंता मला दुसरी होती. पहिली त्या छातीच्या फोटोची.

मी पुन्हा कुसुमला फोन केला, तसे भाऊ रोह्याहून परत आले. मला वाटलं, आता रागावतील. ते मूर्तीसमोर जाऊन उभे राहिले, चष्मा पुसला, वर बघितलं आणि अनंताला हाक मारली.

"शपथ कोणासमोर घेतलीस रे?"

"देवासमोर."

"ह्या? ह्याला डोळे कुठे हायत? ह्याने ना तुझी शपथ बघितली, ना तुझी विडी. अजून माती हाय ही, बाबा. तू डोळे काढल्यावर तो बघायला लागेल. तेव्हा काय दाखवायचं ते तू ठरव."

सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. अनंता आधी रागाने बघत राहिला, मग त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसता रडला. मग हात धुतले. भाऊ खाली पाटावर वाल सोलत बसले, हा वर शिडीवर. डावा डोळा झाला, उजवा झाला. मूर्तीने बघितलं तेव्हा मला वाटलं, ती पहिल्यांदा आमच्या अनंताकडेच बघतेय.

खाली उतरून तो म्हणाला, "भाऊ, आता खरी शपथ घेऊ?"

"नको. देवाला कामं कमी हायत काय? तलफ आली तर मला फोन कर."

विडी पुन्हा एकदा झाली, खोटं कशाला बोलू. पण या वेळी त्याने स्वतः भाऊंना फोन केला, आणि परत पातेल्यापाशी बसला. त्यानंतर नाही. भाऊंचा मोठेपणा मला यात दिसतो. त्यांनी पडलेल्या माणसाला कधी पडला म्हटलं नाही. सून शर्टाचा वास घ्यायची, तिला त्यांनी हळूच सांगितलं, "पोलीस नको होऊ गो, बायकोच रहा." फोनवर विडीचं नावसुद्धा काढत नाहीत. विचारतात, "वालाला मोड आले काय?" अनंता 'आले' म्हणाला, की त्यांना समजतं.

आता आमच्या कारखान्यात पातेलं कायम मांडलेलं असतं. धरमतरकडचे दोन मिठागरवाले आणि तो टेम्पोवाला, हो तोच, अनंतासोबत वाल सोलतात. चिऊ बापाच्या मांडीवरून उठत नाही, आणि रात्री कूस बदलताना कुणाच्या खोकल्याने मला जाग येत नाही.

भाऊ, अनंताने तुमच्यासाठी शाडूची लहान मूर्ती केली आहे. डोळे तेवढे बाकी ठेवले आहेत. तुम्ही पाटावर बसल्याशिवाय काढणार नाही म्हणतो. तुमचे गुडघे धड राहोत, नजर साफ राहो, आणि दरवर्षी आखणीच्या दिवसात तुम्ही इथे समोर बसलेले असा, शंभरीच्या वर्षीही. तोवर मी असेन नसेन, पातेलं मांडायचं सुनेला सांगून ठेवलंय.

वाल आज सकाळीच भिजत घातलेत. मोड येतील तोवर पोचा.