सेल्माची बोट पाण्यात उतरली

नवरा गेल्यावर सेल्मा झिंकने त्याची जुनी, शिडाची लाकडी बोट विकली नाही. लुनेनबर्गच्या बंदरालगत शेडमध्ये कित्येक हिवाळे घालवून तिने कुजलेल्या फळ्या बदलल्या, फटी बुजवल्या, रंग दिला.

जूनमध्ये क्रेनने बोट पाण्यात सोडली, तसं आत पाणी झिरपू लागलं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. सुकलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. क्रेनवालाही निघून गेला. सेल्मा आत उभी राहून बादलीने पाणी उपसत होती, पण बघता बघता ते गुडघ्यापर्यंत आलं.

"ताई, बाहेर ये!" धाकटा भाऊ मरे धक्क्यावरून ओरडला.

"थांब रे जरा. फुगेल लाकूड."

"ते फुगेपर्यंत तू बुडशील!"

त्याने दंडाला धरून तिला वर ओढलं. बोट जराही न कलंडता, सावकाश खाली बसली. वर उरली नुसती डोलकाठी. बोट उतरवण्याच्या समारंभासाठी आणलेला ब्लूबेरीचा केक कुणी कापला नाही.

"उद्या काढू गं वर," मरे म्हणाला.

"उद्याचं उद्या. आत्ता काय करू मी?"

मरे तिच्याशेजारी ओल्या धक्क्यावर बसून राहिला.