उरेब रेघ आणि मास्तरांचा कोट

मास्तरांच्या कोटाच्या अस्तरात बारा कोटी शिवलेले आहेत, ही कुजबुज कारखान्यात पहिल्यांदा उठली ती काज-बटणांच्या टेबलावरून. बारा कोटी एका कोटात मावतील कसे, हा प्रश्न फक्त इस्त्रीवाल्याला पडला. त्यालाही तिथल्या तिथे उत्तर मिळालं, "अरे, सगळे कशाला? वरखर्चाचे."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेचे गणवेश आणि हॉस्पिटलातले झगे शिवणाऱ्या कारखान्यातले कटिंग मास्तर. तीस वर्षं एकाच लांबलचक टेबलाशी उभे. कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं खुणा करायच्या आणि विजेची कात्री त्या खुणांवरून फिरवायची. सगळ्यात वरच्या झग्याची बाही आणि सगळ्यात तळातल्या झग्याची बाही केसाचाही फरक न पडता सारखी उतरली पाहिजे. मास्तरांची उतरायची. मिरवण्यासारखं त्यांच्याकडे एवढं एकच होतं, आणि ते मिरवायला कुणी कधी बोलावलं नाही.

दर आठवड्याला ते लॉटरीचं एक तिकीट घ्यायचे. तिकिटावर एकोणपन्नास चौकोन, सात ओळी, ओळीत सात. त्यातले सहा खोडायचे. लोक त्यात मुलांचे वाढदिवस घालतात, लग्नाची तारीख घालतात. मास्तरांना चौकोन पाहिले की कापड दिसायचं, आणि कापड दिसलं की उरेब दिसायचं. उरेब म्हणजे तिरका कट. तसं कापलेलं कापड ताणलं तर लांबतं पण सहसा फाटत नाही, म्हणून गळ्याची पट्टी नेहमी उरेब घेतात. तेव्हा मास्तर डाव्या कोपऱ्यातल्या एकापासून तिरकी रेघ ओढायचे. एक, नऊ, सतरा, पंचवीस, तेहेतीस, एक्केचाळीस. अकरा वर्षं हीच रेघ.

"आडव्या-उभ्या बुद्धीच्या माणसाला हे सुचायचं नाही," ते बायकोला सांगायचे.

काचेच्या खोक्यात बसून तिकिटं विकणारा लॉटरीवाला मात्र सरळ माणूस होता. तो म्हणाला होता, "मास्तर, एक कोटी एकोणचाळीस लाखांत एक. रेघ ओढा नाहीतर डोळे मिटून टोचा, यायची शक्यता तेवढीच."

"मग रेघच ओढतो. दिसायला तरी बरी दिसते."

आणि एके दिवशी कामावरून परतताना त्या खोक्यावरच्या पाटीवर मास्तरांना आपली रेघ दिसली. सहाच्या सहा आकडे. पहिलं बक्षीस, बारा कोटी. मास्तर धावत निघाले. घर तिसऱ्या मजल्यावर, दम होता दुसऱ्यापर्यंतचा. वर कठड्याशी बायको धुण्याची बादली घेऊन उभी होती. तिच्याकडे बघून ते एकच शब्द बोलले.

"लागली."

आपल्या भाषेत हा शब्द मोठा बदमाश आहे. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, वाट लागते, आणि लॉटरीही लागते. मास्तरांना नेमकं काय लागलं हे त्यांना स्वतःला कळायला एक दिवस जायचा होता. पण दुसऱ्या मजल्यावरची चारही दारं तेवढ्या वेळात उघडली होती आणि प्रत्येक दारातून एक कान बाहेर आला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर लॉटरीच्या कचेरीत गेले. बाहेर रांग, कोपऱ्यावरून वळून पार मागच्या गल्लीपर्यंत. मास्तरांना वाटलं, वीजबिलाची असेल. पुढे उभ्या असलेल्या फरशीवाल्यानं खिशातून तिकीट काढलं तर त्यावर तीच तिरकी रेघ.

"तुम्ही पण उरेब?" मास्तरांनी विचारलं.

"उरेब कसलं? आम्ही कोना म्हणतो. फरशी कोन्यावर मारली की खोली मोठी दिसते."

त्याच्यापुढे एक ड्रायव्हर होता, त्याच्यापुढे चित्रकला शिकवणाऱ्या बाई. सगळ्यांना आपापल्या धंद्यातून तीच रेघ सुचलेली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याशिवाय जगात कुणाला सुचलेली नाही. मोजदाद झाली तेव्हा पहिल्या बक्षिसाचे मानकरी निघाले दोन हजार आठशे सेहेचाळीस. बारा कोटींची तेवढी शकलं झाली आणि मास्तरांच्या हाती आला सुमारे तीन महिन्यांचा पगार.

परतताना ते लॉटरीवाल्याच्या काचेसमोर नुसतेच उभे राहिले. तो म्हणाला, "लोक एक तर वाढदिवस घालतात नाहीतर रेघ ओढतात. म्हणून असली बक्षिसं वाटली जातात. मी शक्यता सांगितली होती, मास्तर. वाटणीचं तुम्ही विचारलं नव्हतं."

त्या पैशांतून बायकोच्या तोंडात कवळी बसली. खालचे दात गेल्यापासून सहा वर्षं ती तोंडावर पदर धरून बोलत होती. आता ती तोंड भरून हसायला लागली. जिन्यातल्या बायका म्हणाल्या, "हसतेय बघा. उगाच हसतं का कोणी?"

मास्तरांनी खरं सांगितलं नाही असं नाही. सांगून सांगून त्यांच्या घशाला कोरड पडली. कचेरीचा कागदही दाखवला. पण कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं "प्रथम पारितोषिक" आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत "विभागून". मेहुण्यानं कागद उजेडात धरून दोनदा वाचला.

"विभागून म्हणजे हप्त्यांनी. दर महिन्याला येत असणार, भाऊजी."

"विभागून म्हणजे माणसांत."

"तेच म्हणतोय मी. तुमच्यात आणि ताईत."

मास्तरांनी नवे बूट घेतले तर लोक म्हणायचे, आलेत पैसे. फाटके घातले तर म्हणायचे, काय लपवतो बघा. लग्नाकार्यात हलका आहेर केला तर नात्यातले तोंड फिरवायचे, आणि भारी आहेर करायला पदरी काही नव्हतं. कारखान्यात पगारवाढीच्या यादीतून त्यांचं नाव आपोआप गळलं. दोन वर्षं मास्तर आपल्याच श्रीमंतीत अडकून पडले होते. दार बाहेरून बंद आणि किल्ली दुसऱ्यांच्या खिशात.

आणि एक कडी आतूनही लागलेली होती. मास्तर बायकोला म्हणाले, "तू तरी सांग ना त्या बायकांना. तुझं ऐकतील."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगते हो. पण परवा तुमच्या वहिनींनी मला खुर्ची दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी खाली बसायला गेले तर हात धरून म्हणाल्या, वर बसा." एक काडी बाजूला टाकून ती म्हणाली, "अजून चार दिवस राहू दे की."

ते चार दिवस काही संपले नाहीत.

आता कोटाचं. लॉटरी लागली त्याच वर्षी मास्तरांचा उजवा खांदा धरला. कात्री टेबलाच्या टोकापर्यंत रेटली की खांद्यातून कळ निघायची ती बोटांपर्यंत. कारखान्यात ही गोष्ट बोलायची सोय नव्हती. आधीच्या कटरचं मनगट थरथरतंय हे मालकांना कळलं त्या दिवशी दुपारच्या चहाआधी तो घरी होता. हात गेलेल्या कटरला मग कुठल्याच कारखान्यानं दारात उभं केलं नाही. मास्तर त्याला अधूनमधून रस्त्यात भेटायचे आणि दुसऱ्या बाजूला बघायचे.

तेव्हापासून मास्तर रोज कोट घालायला लागले. पंखे गरम वारा फेकताहेत, इस्त्रीवाला बनियनवर आलाय, आणि मास्तरांचा कोट गळ्यापर्यंत बंद. समोरच्या इमारतीत काजवाली मावशी राहायची. काजं करून करून तिची नजर सुईच्या टोकासारखी झालेली. तिला रोज सकाळी दिसायचं की मास्तरांची बायको खिडकीशी बसून कोटाच्या अस्तराला टाके घालतेय. रोजच्या रोज. "रोज उसवतात, रोज शिवतात," तिनं टेबलावर सांगितलं. "बँकेत ठेवले तर टॅक्स पडतो ना." झालं, बारा कोटींना घर मिळालं.

तर असं सगळं चाललेलं असताना कारखान्यात कापायचं नवं यंत्र आलं. आकडे भरा, बटण दाबा, यंत्र एकटं कापतं. दोन कटर होते, गरज उरली एकाची. मास्तर आणि दुसरा, तीस-बत्तीस वर्षांचा, ज्याला सगळे धाकटा म्हणायचे. धाकट्याच्या घरी जुळी मुलं, दोघंही अजून रांगणारी.

मालक वाईट माणूस नव्हते. सगळ्यांसमोर कापणीच्या टेबलाशी आले आणि खडूचा तुकडा बोटात फिरवत बोलले, "मास्तर, एकाला थांबावं लागणार. कामात तुम्ही वरचढ, ते मला सांगायला नको. पण तुम्हाला काय कमी आहे? याला जुळी आहेत."

"मालक, मला नोकरीची गरज आहे."

"असं तुम्ही म्हणता."

"कागद दाखवलाय मी तुम्हाला."

"कागद पाहिला. त्यावर पहिलं बक्षीस लिहिलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. धाकटा मान खाली घालून टेबलावरचं सूत गोळा करत राहिला. तेवढ्यात काजवाली मावशी उसवणी घेऊन पुढे आली. उसवणी म्हणजे टाके कापायचं दोन दातांचं इवलंसं हत्यार.

"मालक, एक सांगू? यांना कोट उसवून दाखवू दे. आत काही नाही निघालं तर मी सगळ्यांसमोर कान धरीन."

मालकांना हे पटलं. "बोला मास्तर. अस्तर उसवा. काही नाही निघालं तर तुम्ही राहा, याची सोय मी माझ्या भावाच्या गोदामात लावतो. माझा शब्द."

मशिनं थांबली. मास्तरांनी उसवणी हातात घेतली. दोन वर्षं जे कुणाला पटवता आलं नव्हतं ते एका टाक्याच्या अंतरावर होतं. टाके तर कच्चेच होते, सकाळी घातलेले. एक धागा ओढला असता तरी अस्तर सुटलं असतं. पण अस्तर सुटलं की खांद्याचं दुखणंही उघडं पडणार होतं, आणि मालकांचा शब्द धडधाकट मास्तरांना होता. पैसेवाला म्हणून गेलं तर निदान दुसऱ्या कारखान्याच्या दारात उभं राहता येणार होतं. खांदा गेलेला कटर म्हणून गेलं तर रस्त्यात लोक दुसऱ्या बाजूला बघणार होते.

"काय झालं मास्तर? हात का थांबला?" मावशीनं विचारलं.

"कोट चांगला आहे," मास्तर म्हणाले. "उगाच कशाला खराब करायचा."

त्यांनी उसवणी टेबलावर ठेवली, वरचं बटण लावलं, आपली लाकडी पट्टी उचलली आणि डाव्या हातानं दार ढकलून बाहेर पडले. मागे इस्त्रीतून वाफ सुटत होती. मग मावशी म्हणाली, "बघितलं?" आणि खरंच, सगळ्यांनी बघितलं होतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "उसवून दाखवायचा होता हो."

"आणि मग?"

तिनं कोट त्यांच्या अंगावरून उतरवला, उजवी बाही सावकाश सोडवली आणि तो खिडकीजवळच्या खिळ्याला टांगला.

"उद्या शिवू का?"

"शिव. सकाळी दोन कारखान्यांत विचारायला जायचंय."

"कितीला निघाल?"

"आठला. जरा घट्ट घाल टाके, चालताना हलतं ते."

समोरच्या खिडकीत मावशीचा दिवा लागला.

मास्तरांच्या कोटात पैसे नव्हते. अस्तराखाली, उजव्या खांद्याशी, जुन्या झग्याच्या कापडाची एक पुरचुंडी होती. तिच्यात तव्यावर गरम केलेलं पाव किलो मीठ होतं.