मामीने ऐकलेला लेथ

"आधी ऐक, मग हात घाल," हे मामांचं पालुपद. मग ते शिवणयंत्र असो की घरातलं भांडण. मामा टर्नर. सारं आयुष्य लेथवर लोखंड कातण्यात गेलं आणि त्याच खणखणाटात हळूहळू कानही गेले. एकदा कारखान्यात बेअरिंग ओरडत राहिलं, मामांना कळलंच नाही. मशीन जळालं. मालकाने गोड बोलून घरी बसवलं.

मग भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुना लेथ आणला, गंजाने माखलेला. मागच्या खोलीत तो आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली.

"मलाही भंगारात घाला," मामी म्हणाली, "म्हणजे माझ्याकडे बघाल तरी."

तिच्या ओठांवरून मामांनी ते वाचलं. "तुला कुठे गंज चढलाय?"

वर्षभर मामा त्या यंत्रापाशी बसले. एकेक दातेरी चाक रॉकेलने धुतलं, गंज हलक्या हाताने उतरवला. आजाऱ्याचं अंग पुसावं, तसा. मनात धाकधूक एकच होती आणि ती मामीलाही ठाऊक होती. हाही लेथ आपल्या हातून जळाला, तर पुन्हा लोखंडाला हात लावायचा नाही.

अखेर एका सकाळी मोटर सुरू झाली, दांडा पकडणारं चक फिरू लागलं. मामांनी पेचकसाचं टोक यंत्राला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. पूर्वी असंच ऐकायचे. आज काहीच आलं नाही. ते मामीकडे वळले.

"कसा चालतोय?"

चेहरा नुसता उजळला होता त्यांचा. मामीच्या तोंडून निघून गेलं, "एकदम फक्कड!"

मामा कातायला लोखंडाचा दांडा शोधू लागले. तेवढ्यात मामीने पुढे होऊन बटण बंद केलं आणि त्यांना आपल्याकडे वळवलं.

"खोटं बोलले मी. घरघर येतेय. जात्यात खडा अडकल्यासारखी."

मामांनी थांबलेल्या चकावर हात ठेवला. मग म्हणाले, "कुठून?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळेल. ये इकडे."

त्यांनी बटण दाबलं आणि आजवर कुणाला न दिलेली पेचकसाची मूठ तिच्या कानामागे धरली. टोक आधी चकाच्या बाजूला लावलं. "इथे नुसती गुणगुण आहे," मामी म्हणाली. मागच्या बाजूला लावताच तिने डोकं झटकन मागे घेतलं. "हाच तो मेला!"

मागचं बेअरिंग उघडलं, तर आतल्या एका गोळीचा टवका उडालेला.

"पुन्हा फक्कड म्हणालीस ना," मामा म्हणाले.

"तर काय कराल?"

"खरं मानीन. दुसरं काय करणार? म्हणून सांगतो, उगाच म्हणू नकोस."

मामीने मान हलवली.

जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून, त्याच्या जोडीचं आणायला मामा बाजाराकडे निघाले. कानाला ग्रीसचा काळा डाग घेऊन मामी दारात उभी राहिली. हाक मारून उपयोग नव्हता. ते वळणाआड जाईपर्यंत, मागून गाडी येत नाही ना, हे ती त्यांच्यासाठी ऐकत राहिली.