बिनकडीचं दार

आमच्या घराले कडी नाही. वडनेर भोलजीत कोणालेही पुसा, इंद्रभान फौजीचं घर कोणतं, तर म्हणतीन, ते बिनकडीचं. मी त्याची बायको, बेबी. पन्नास वर्सं ह्या उघड्या घरात नांदलो. एकदा चोरानं पाणी भराचा तांब्याचा गुंड नेला, तवा म्या बुढ्याले लय शिव्या देल्ल्या. बुढा म्हणे, "गुंड गेला तं जाऊ दे. कडी नाही लावाची म्हणजे नाही!"

एकाहत्तरच्या लढाईत तो पकडल्या गेला. वर्सभर तिकडच्या कैदेत होता. मारलं, उपाशी ठेवलं, हे त्यानं कधी धड सांगतलं नाही. पाठीवरचे वण मले त्याचं आंग चोळताना दिसले. एकच गोष्ट तो सांगे. बाहेरून कडी वाजली का भितीकडे तोंड करून, हात डोक्यावर घेऊन उभं राहा लागे, अन् हुकूम झाल्याशिवाय हालाचं नाही. घरी आला त्याच दिवशी त्यानं साऱ्या कड्या उपटून विहिरीत टाकल्या.

आता बुढ्याची याद गेली. उठला का हायवेवर चालला. मागं एक ट्रक इतका जवळून गेला का त्याची टोपी उडाली. आमचा पोरगा धम्मरत्न म्हणे, "माय, एक दिवस बाबाले रोडवरून उचलून आणा लागीन. मी कडी बसवतो." म्या लय दिवस नाही म्हटलं. मंग सोयाबीन सोंगाले आलं, घरी थांबाले कोणी नाही, तवा त्याले कडी बसवू देल्ली. आमच्याकडं बाया वावरात जाताना म्हाताऱ्याले आत ठेवून कडी लावतेतच, कुत्रं शिरू नये म्हणून. त्यात कोणाले काई वाटत नाही. म्याही लावली. ह्याच हातानं लावली, कीड पडो ह्या हाताले!

दिवस बुडता घरी आलो अन् कडी काढली. बुढा भितीकडे तोंड करून उभा. हात डोक्यावर, धोतर ओलं. म्या म्हटलं, "अवो, मी हाये ना, बेबी!"

तो वळला नाही. "साब," म्हणे, "घरसे चिठ्ठी आयी क्या?"

म्या हंबरडा फोडला. धम्मरत्नले तवाच कडी उपटाले लावली. दार आता सताड उघडं हाये, पण बुढा उंबरठ्याबाहेर पाय टाकत नाही. शेजारीन म्हणते, चला, ट्रकाचं भेव तरी मिटलं. जळो तिचं तोंड! रोज सकाळी तो आत उभा राह्यते, मान खाली, अन् मले पुसते, "साब, बाहर जाऊँ?"

मलेच म्हणा लागते, "जाओ."