काहील कुठवर आली

परवा विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये गेले होते. स्वमग्न मुलांच्या आयांसाठी व्याख्यान होतं. शेजारणीच्या नातवाला डॉक्टरांनी तेच सांगितलंय, आणि तिला एकटीला जायचा धीर होईना, म्हणून मी सोबत. बोलणारी बाई तरुण होती, स्वभावानं गोड. तिनं हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे रंगवलेला कागद दाखवला. मुलाच्या मनात राग, भीती, जे काही दाटतंय ते कुठपर्यंत आलंय, हे त्याला बोटानं दाखवायला शिकवा म्हणाली. लालला पोचायच्या आत तुम्ही थांबा म्हणाली. सगळं बरोबर बोलली, एक शब्द चुकीचा नव्हता. आणि मला असा काही संताप आला की मी मधूनच उठले आणि दुसऱ्याच कुणाच्या चपला पायात सरकवून घरी आले.

तिच्यावर नव्हता राग. हे सांगायला कुणी साठ वर्षांपूर्वी का आलं नाही, याचा होता.

माझी धाकटी बहीण तेव्हा आठेक वर्षांची असेल. पासष्टच्या लढाईच्या आधीची गोष्ट. गाव कृष्णेच्या काठचं, सांगलीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. आई गेलेली. आबा पलटणीत. घर चालवायची ती आबांची थोरली बहीण, आमची आत्ती.

धाकटी बोलायची फार थोडं. भाकरी हवी असली की माझं मनगट धरून टोपल्याकडे न्यायची. डोळ्याला डोळा द्यायची नाही. ताटली बदलली, नेहमीची वाट बदलली, कुणी मागून खांद्याला हात लावला, की अशी किंकाळी फोडायची की नदीपलीकडच्या मळ्यात ऐकू जावी. डोकं भुईवर आपटायची, स्वतःचं मनगट चावायची. त्यावर गावाला उपाय ठाऊक होते ते धपाट्याचे, अंगाऱ्याचे आणि मिरच्यांच्या धुरीचे. धुरी दिली की पोर आणखी किंचाळायची, मग म्हणायचे, बघा, भुताला झोंबलं. अरे, तुमच्या नाकात मिरच्यांचा धूर घातला तर तुम्ही काय ओव्या म्हणाल?

तिच्या केसांना आईनं कधी फणी लावली नाही. तेल लावून बोटांनी हळूहळू गुंता सोडवायची. आई गेल्यावर आत्तीनं फणी घेतली आणि धाकटीनं आत्तीचा अंगठा चावून फोडला. त्यानंतर तिच्या डोक्याला कुणी हात लावेना. वर्षभरात गुंत्याच्या गाठी झाल्या आणि गाठींच्या जटा झाल्या.

आता आमच्या भागात जट म्हणजे नुसता केसांचा गुंता नव्हे. पोरीच्या डोक्यात जट आली म्हणजे डोंगरावरच्या देवीनं तिला मागितलं. अशी पोर कर्नाटकात त्या डोंगरावर न्यायची, देवीच्या नावानं तिच्या गळ्यात मोती बांधायचे आणि तिला सोडून द्यायचं. मग जन्मभर तिनं परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, आणि वयात आली की गावातला कुणीही दांडगा तिच्या दारात यायला मोकळा. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून जटेला हळद लावायला सगळे पुढे.

आणि आमच्या घरात तर हे घडायलाच नको होतं. छप्पन सालानंतर आमच्या सगळ्या आळीनं दीक्षा घेतली होती. आबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडले होते. आत्ती तेव्हा काठावर उभी राहून पदर तोंडात धरून रडली होती. तिला आता बोलायला जागा सापडली. "नदीत सोडल्याली परत आलीया," म्हणायची. "पोरीच्या डोक्यावर येऊन बसलीया. तिचं तिला दिल्याबिगर ती घर सोडायची न्हाई." आळीतल्या बायका माना डोलवायच्या. ज्यांनी हात जोडून देव सोडल्याच्या शपथा घेतल्या होत्या, त्यासुद्धा. माघी पौर्णिमेला पोरीला डोंगरावर न्यायचं ठरलं.

त्याच थंडीत आबा रजेवर आले. मला वाटलं, सुटलो. आबांनी जट बघितली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ह्या घरात देवी न्हाई," म्हणाले. "आजच्या आज कापतो." न्हाव्याला बोलवायचा प्रश्नच नव्हता. तो म्हशी भादरायचा, पण आमच्या डोक्याला हात लावायचा नाही. आबांनी ट्रंकेतली कात्री काढली आणि शेजारचे दोन गडी बोलावले. एकानं तिचे हात धरले, एकानं पाय.

मी म्हटलं, "आवं आबा, तिला आधी कात्री दावा तरी. आवाजाला भ्याती ती."

"तू बाजूला हो," आबा म्हणाले. "सगळं शिस्तीत हुतंय."

पलटणीतली शिस्त आठ वर्षांच्या पोरीवर. कात्री तिच्या कानाशी कचकन वाजली आणि तिनं असा हिसडा दिला की डोकं उंबऱ्यावर आपटलं. रक्त आलं. ओरडून ओरडून तिचा आवाज फुटला आणि घोगरा झाला. तो घोगरा आवाज ऐकून आत्तीनं भुईवर कपाळ टेकलं. "देवी आई बोलली," म्हणाली. "कात्री लावू दिली न्हाई." धरणारे गडी हात जोडून मागं सरले. आबांनी कात्री कोनाड्यात ठेवली. त्या संध्याकाळी आत्तीनं जटेला हळद लावली तेव्हा आबा अंगणात आमच्याकडे पाठ करून बसले होते.

मला दोघांचा सारखाच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आत्तीला त्या डोक्यावर देवी दिसत होती. आबांना देवीशी चाललेली लढाई दिसत होती. ते डोकं एका पोरीचं आहे, तिला दुखतंय, हे दोघांतल्या एकालाही दिसलं नाही. देव सोडलेल्यानं आणि देव धरलेलीनं, दोघांनी मिळून तिला भुईवर दाबून धरलं.

आत्ती आणि मी तेव्हा पाटलाच्या गुऱ्हाळावर जात होतो. रसाला आम्ही हात लावायचा नाही, जाळाला लावला तर चालायचा. चिपाडं वाळवायची आणि चुलवाणाच्या तोंडाशी नेऊन टाकायची, हे आमचं काम. धाकटीला घरी ठेवता येत नव्हतं. ती लांब एका दगडावर बसायची आणि चुलवाणावरच्या काहिलीकडे, रस उकळायच्या त्या भल्यामोठ्या कढईकडे, बघत राहायची. तेवढ्या गोंगाटात ती कधी रडली नाही. रस उकळायला लागला की फेस चढतो. काठाला आला की गुळव्या ओरडायचा, "जाळ वढ." मग खालचा गडी जळती चिपाडं बाहेर ओढायचा आणि फेस खाली बसायचा. रोज हेच, आणि रोज तसंच.

एक दिवस माझं लक्ष गेलं. फेस चढेल तसा धाकटीचा तळहात तिच्या अंगावरून वर चढत होता. पोटावर, मग छातीवर, मग गळ्याशी. गुळव्यानं "जाळ वढ" म्हटलं की हात खाली.

मला काही फार अक्कल होती अशातला भाग नाही. मी चिडलेली होते आणि पौर्णिमा जवळ येत होती. घरी मी तिच्यासमोर बसले आणि आपलाच हात पोटावर ठेवून विचारलं, "तुझी काहील कुठवर आली?" तिनं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मला ओरबाडलं. मग मी तिला विचारायचं सोडलं आणि माझी सांगायला लागले. आत्तीनं टाकून बोललं की मी छातीवर हात ठेवायचे, "माझी हितवर आली गं." भाकरी करपली की गळ्याशी. पोट भरून निवांत बसले की पोटावर. आत्ती म्हणायची, एक येडी हुती, आता दोन झाल्या.

आणि एका संध्याकाळी शेजारच्या घरात भांडण पेटलं, तेव्हा धाकटीनं आपण होऊन छातीवर हात ठेवला. मी तिला उचललं नाही, समजावलं नाही. घरातली सगळ्यात जड वाकळ आणली आणि तिच्या अंगावर टाकली. आईच्या लुगड्यांची होती ती. तिला ते ओझं आवडायचं, हे आईला माहीत होतं. वाकळेखालून हात हळूहळू खाली आला. किंकाळी आलीच नाही. मी भिंतीला तोंड लावून रडले.

मग कात्री. कोनाड्यातली तीच काढून पहिल्यांदा नुसती भुईवर ठेवली. मग तिच्या हातात दिली आणि माझी वेणी पुढे केली. कचकन आवाज आला की तिचा हात छातीवर जायचा. मी म्हणायचे, "जाळ वढ म्हण. म्हटलंस की थांबायचं." ती पुटपुटायची, कात्री खाली. परत उचलायची. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा, आणि माझी वेणी उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. आत्तीनं मला लाटणं फेकून मारलं. मारू दे. आवाज आता धाकटीच्या स्वतःच्या हातातून निघत होता, अंगावर येत नव्हता.

त्यानंतर तिचे केस. खोबरेल लावायचं, अंगावर वाकळ, एक कात्री चालवायची आणि विचारायचं. तिनं "जाळ वढ" म्हटलं की कात्री खाली ठेवायची, मग जट अर्धी तुटून लोंबत असली तरी. एका झटक्यात उरकून टाकावी असं किती वेळा वाटलं. पण एकदा जरी थांबले नसते तर तो शब्द मेला असता. पौर्णिमा जवळ आली तेव्हा अर्धं डोकं झालं होतं.

धाकटीच्या डोक्याला मी जुना पदर गुंडाळून ठेवायचे. त्याखालचं आत्तीला दिसलं आणि ती सरळ परडीवालीला घेऊन आली. ही म्हातारी चार गावं जोगवा मागायची. तिच्या डोक्यावर कमरेपर्यंत जट, हातात तारेचं चौंडकं. आळी अंगणात जमली. आबाही होते, दाराला टेकून. आत्ती म्हातारीला म्हणाली, "कात्री लावल्याचा कोप हाय का, देवीलाच इचार. अंगात आली की सांगंल." म्हणजे पोर किंचाळली की देवीनं कौल दिला, आणि गाडी जुंपायची. चौंडकं कानाशी वाजवलं तर ती किंचाळणारच, हे मला ठाऊक होतं आणि आत्तीलाही ठाऊक होतं. मी मध्ये पडले तर दोन बायकांनी माझे दंड धरले.

चौंडकं वाजायला लागलं. धाकटीनं कान झाकले. म्हातारी जवळ आली, आवाज वाढला. धाकटी डुलायला लागली आणि बायकांनी हात जोडले. मग तिनं एका कानावरचा हात काढला. पोटावर ठेवला. वर सरकवला. गळ्याशी आणून घट्ट धरला आणि म्हणाली, "जाळ वढ."

पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. "जाळ वढ."

गुऱ्हाळावर राबणाऱ्या बायका त्या सगळ्या, त्यांना तो शब्द कळला. म्हातारीलाही कळला. तिनं तारेवरून बोटं उचलली. धाकटीचा हात गळ्यावरून छातीवर आला, मग पोटावर. तिनं वाकळ ओढली आणि स्वतःच अंगावर घेतली.

म्हातारीनं चौंडकं खाली घेतलं. "ही देवी न्हाई," म्हणाली. "ही पोर बोलली. न्हाई न्यायची हिला."

"आवं पण जट—" आत्ती म्हणाली.

"मी हिच्यापरास ल्हान हुते," म्हातारी म्हणाली. "लय वरडले हुते. मला बी आईच बोलली म्हनले समदे." चौंडकं बगलेत मारून ती चालायला लागली. आत्तीनं परडीत घालायला आणलेली ज्वारीही घेतली नाही.

उरलेलं डोकं पौर्णिमा उलटून गेल्यावर झालं. घाई नव्हती आता.

रजा संपायच्या आदल्या दिवशी आळीची बैठक भरली. आबा उभे राहिले. पलटणीतला कडक आवाज. म्हणाले, मी माझ्या घरातली जट कापली, देवीला घराबाहेर काढली, तुमी बी तसंच करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांत बसलेल्या माझ्याकडे आबांनी बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी कोनाड्यात ठेवलेली कात्री त्यांनी परत हातात घेतली नव्हती, आणि टाळ्या त्यांना. मी उठून घरी आले आणि भांडी आपटायला लागले. तांब्या भिंतीवर फेकला.

आबा मागोमाग आले, बोलतच. आता बाकीच्या घरांचं काय करायचं, कुणाला कसं समजवायचं. मी पाठ करून उभी होते, आणि माझ्या पोटावर एक हात आला. धाकटीचा. आपण होऊन तिनं आजवर कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता, भाकरीसाठी माझं मनगट धरायची, नाहीतर ओरबाडायची, तेवढाच. हात वर सरकला, छातीवर थांबला, मग माझ्या गळ्याशी आला.

"हितवर?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

तिनं मला खांद्याला दाबून खाली बसवलं, वाकळ ओढत आणली, माझ्या अंगावर टाकली. मग वळली, दारात बोलत उभ्या असलेल्या आबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "जाळ वढ."

आबा बोलायचे थांबले.